पहिलंच बाळंतपण, तेही परदेशात. पाण्यातल्या प्रसूतीचा कुणाला अनुभव आहे का?

चिंचोका:
नमस्कार. इतकी वर्षं इथं नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी पहिलटकरीण, एकतिसावा आठवडा चालू आहे. लग्नानंतर इंग्लंडला आले त्याला दोन वर्षं झाली. इथं सगळं एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, मिडवाइफ (प्रसूती करणाऱ्या प्रशिक्षित सेविका) बघतात. डॉक्टर मला अजून भेटलेलेच नाहीत, आणि सगळं सुरळीत असेल तर शेवटपर्यंत भेटणारही नाहीत म्हणे! सुरुवातीला याचाच धक्का बसला होता. त्यात गेल्या वेळी मिडवाइफनं विचारलं, "बाळंतपण कुठं करायचं ठरवलंयस? घरी, बर्थ सेंटरला की लेबर वॉर्डात?" मी नुसती बघत राहिले. मला वाटत होतं हे ते ठरवतात, आपण फक्त जायचं असतं.

मग तिनं हॉस्पिटलला लागूनच असलेलं, मिडवाइफच चालवतात ते बर्थ सेंटर दाखवलं. मंद दिवे, मधोमध मोठा लंबगोल टब, बसलं की छातीपर्यंत पाणी येईल इतका खोल. वरून जाड कापडाचा एक पट्टा लोंबत होता, कळ आली की धरायला. कोपऱ्यातल्या ट्रॉलीवर एक बॅटरी, छोटा आरसा आणि चक्क एक चाळणी. चाळणी कशाला, हे विचारायचं धाडस झालं नाही.

तेव्हापासून तो टब डोक्यातून जात नाहीये. नवरा म्हणतो "तुला हवं ते कर", आणि त्याचाच मला जास्त राग येतो. आईला फोनवर सांगितलं तर पलीकडे आधी शांतता, मग "पाण्यात? आणि बाळाच्या नाकातोंडात पाणी गेलं म्हणजे?" याचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं. आईला इथं यायला मिळेल की नाही तेही अजून नक्की नाही.

तर विचारायचं हे, की बाळाला खरंच धोका नसतो का? पहिल्या खेपेला हे करावं का? आणि कळा सहन झाल्या नाहीत तर पाण्यात दुखणं कमी करायला काय मिळतं? ज्यांनी केलंय त्यांनी लिहा, आणि ज्यांनी मुद्दाम केलं नाही त्यांनी तर नक्की लिहा.

साखरझोप:
अभिनंदन गं! सविस्तर नंतर लिहिते, बाळ उठलंय. एवढंच सांगते, टबात उतरायची घाई करू नकोस. मी केली होती.

उंबरठा:
माझी दोन्ही बाळंतपणं इंग्लंडातच झाली. थोरल्याच्या वेळी टब वापरला आणि तो पाण्यातच झाला. धाकटीच्या वेळी रक्तदाब चढल्यामुळे टबाचं नावही काढू दिलं नाही. म्हणजे दोन्ही बाजू पाहिल्यात म्हण.

लोक विचारतात, दुखलं नाही का? दुखलं. पाण्यानं कळा जात नाहीत. फरक पडतो तो दोन कळांच्या मधल्या वेळात. जमिनीवर असताना एक कळ ओसरली की मी पुढच्या कळेच्या भीतीनं आखडून बसत होते. कंबर धरलेली, मांड्या थरथरताहेत. पाण्यात शिरले आणि पोटाचा भार कुणीतरी हातावर घेतल्यासारखं झालं. मधली दोन-तीन मिनिटं मी अक्षरशः डुलक्या काढल्या. आणि कूस बदलायला कुणाचा हात लागत नव्हता. नऊ महिन्यांच्या पोटानं पलंगावर वळून बघ, म्हणजे कळेल मी काय म्हणते.

मिडवाइफ दर पंधरा मिनिटांनी पाण्यात चालणारं डॉप्लर पोटाला लावून ठोके ऐकायची. तुला उठावं लागत नाही, पोट जरा वर केलं की झालं. शेवटी शेवटी तर दर पाच मिनिटांनी. ठोक्यांचा तो टापटाप आवाज मला अजून आठवतो.

आणखी एक, जे मला कुणीच सांगितलं नव्हतं. त्या अवस्थेत माझं इंग्रजी पार गेलं. एरवी ऑफिसात दिवसभर इंग्रजीत बोलणारी मी, पण गर्भाशयाचं मुख सात सेंटीमीटर उघडल्यावर तोंडातून फक्त "आली आली" आणि "आई गं" एवढंच निघत होतं. नवरा दुभाष्याचं काम करत होता. तिसऱ्या तासाला ती मिडवाइफच मला विचारायला लागली, "आली आली?" तेव्हा नवऱ्याला चार शब्द आधीच पढवून ठेव, आणि मिडवाइफलाही सांग की मी माझ्या भाषेत जाईन, घाबरू नकोस.

तिसरीघंटा:
स्पष्ट लिहिते, राग मानू नका. चांगली हॉस्पिटलं, डॉक्टर, यंत्रं हाताशी असताना पाण्यात बाळंत व्हायची हौस मला कळत नाही. मी अमेरिकेत आहे. माझ्या डॉक्टरबाईंना विचारलं होतं. त्यांनी तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं, अकॉगचं, २०१६ चं मत दाखवलं. निरोगी बाईनं पूर्ण दिवस भरल्यावर, म्हणजे ३७ आठवडे ते ४१ आठवडे सहा दिवस या दरम्यान, कळांच्या पहिल्या टप्प्यात पाण्यात बसायला हरकत नाही. त्यानं कळांचा काळ थोडा कमी होऊ शकतो, पाठीतल्या इंजेक्शनची गरजही कमी पडू शकते. पण बाळ पाण्यात बाहेर येण्याबद्दल पुरेसा पुरावा नाही, म्हणून जन्म जमिनीवरच व्हावा. एवढं स्वच्छ सांगितलेलं असताना बाळावर प्रयोग कशाला?

आणि चिंचोका, आईच्या प्रश्नाला हसू नकोस. तो अगदी बरोबर प्रश्न आहे.

चिंचोका:
हसत नाहीये हो. मलाही तोच प्रश्न पडलाय म्हणून तर धागा काढला.

पाणचक्की:
मी स्त्रीरोगतज्ज्ञ, शिक्षण भारतात, गेली बरीच वर्षं ब्रिटनमध्ये लेबर वॉर्डात काम. इथं लिहितेय ती सर्वसाधारण माहिती, तुझे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत. निर्णय तुझ्या मिडवाइफशी बोलूनच कर.

आधी आईंचा प्रश्न. पोटात असताना बाळ फुप्फुसांनी श्वास घेत नाही. फुप्फुसं द्रवानं भरलेली असतात आणि प्राणवायू नाळेतून येतो. कोमट पाण्यातून कोमट पाण्यात आलेल्या बाळाला श्वास घ्यायची हाक अजून मिळालेली नसते. चेहऱ्याला हवा लागते, गारवा लागतो, हाताळलं जातं, तेव्हा ते पहिला श्वास घेतं. म्हणून बाळ पूर्ण पाण्याखाली जन्मतं आणि लगेच, सावकाश, तोंड वर करून छातीशी आणलं जातं. एकदा का डोकं पाण्याबाहेर आलं की ते परत पाण्यात जाऊ द्यायचं नाही, हा यातला सगळ्यात कडक नियम. आई मधेच उठून उभी राहिली आणि डोक्याला हवा लागली, तर बाळंतपण तिथून पुढं बाहेरच.

पण तिसरीघंटा यांची काळजीही पोकळ नाही. हे सगळं धडधाकट बाळाला लागू. पोटात असतानाच ज्याला प्राणवायू कमी पडतोय असं बाळ आत आचका देऊ शकतं, आणि तेव्हा ते पाणी ओढून घेईल. म्हणूनच ठोके इतक्या वेळा ऐकतात, आणि ठोक्यांत शंका आली, बाळानं आत शी केली, ताप आला, रक्त जास्त गेलं, तर आईला टबातून बाहेर घेतात. तिथं वाटाघाटी नसतात.

आता पुरावा. अकॉगच्या मतानंतर २०२४ मध्ये ब्रिटनमधला पूल नावाचा मोठा अभ्यास आला. इंग्लंड आणि वेल्समधल्या २६ एनएचएस संस्थांमधल्या २०१५ ते २०२२ च्या नोंदी. गुंतागुंत नसलेल्या आणि कळांच्या वेळी टब वापरलेल्या ६०,४०२ बायका, त्यांतल्या ३९,६२७ पाण्यात बाळंत झाल्या, बाकीच्या बाहेर. पहिलटकरणींमध्ये गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत जाणारी मोठी फाट पाण्यात ४.८ टक्के, बाहेर ५.३ टक्के. बाळांना होणारा गंभीर त्रासही पाण्यात जास्त आढळला नाही. एक गोष्ट मात्र पाण्यात जास्त दिसली. चिमटा लावायच्या आधीच नाळ तुटणं, हजारात १०, बाहेर हजारात ३. बाळाला घाईनं वर ओढलं आणि नाळ आखूड असली की असं होतं. जाणती मिडवाइफ आधीच चिमटा हाताशी ठेवते.

हेही सांगायला हवं की यात चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते. ज्या बाहेर आल्या त्यांतल्या काही कळा सोसेनात म्हणून आल्या असणार. त्यामुळं "पाण्यात फाटत कमी" असा अर्थ मी काढणार नाही. पाण्यात जास्त वाईट होत नाही, इतकंच त्यातून काढावं.

याच अभ्यासातला मला सगळ्यात कामाचा वाटणारा आकडा वेगळाच आहे. टबात उतरलेल्या, कसलीही गुंतागुंत नसलेल्या पहिलटकरणींपैकी जेमतेम ५५ टक्के पाण्यात बाळंत झाल्या. म्हणजे तू टब निवडलास तरी शेवट टबात होईल असं धरून चालू नकोस. कळा पाण्यात काढायच्या का, हा एक प्रश्न. बाळ पाण्यात जन्मू द्यायचं का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर आज दे, दुसऱ्याचं त्या दिवशी दिलंस तरी चालतं.

रिकामा_डबा:
वरच्या शेवटच्या वाक्याला इतिहासातही आधार आहे. पाण्यातल्या प्रसूतीची छापील नोंद सापडते ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, फ्रान्सची. ४८ तास कळा देऊन दमलेली एक बाई, निदान आराम पडावा म्हणून तिला कोमट पाण्यात बसवलं, आणि थोड्याच वेळात बाळ पाण्यातच झालं. कुणी ठरवून केलं नव्हतं.

पुढं १९७० च्या दशकात मिशेल ओडाँ या फ्रेंच डॉक्टरनं पिथिव्हिए गावच्या सरकारी हॉस्पिटलात बायकांसाठी पाण्याची सोय केली, तीही कळा सुसह्य व्हाव्यात म्हणून. काही जणींना बाहेर यावंसंच वाटेना आणि बाळं पाण्यात व्हायला लागली. अशा शंभर जन्मांनंतर त्यांनी १९८३ मध्ये लॅन्सेटमध्ये लेख लिहिला. ब्रिटनमध्ये १९९२ साली संसदेच्या आरोग्य समितीनं शक्य तिथं हॉस्पिटलांनी बायकांना टबाची सोय द्यावी असं सुचवलं. तुला दिसलेला तो टब त्याच वाटेनं आलाय.

मी पुरुष, अविवाहित, या विषयातला माझा अधिकार शून्य. जातो.

तिसरीघंटा:
@पाणचक्की, धन्यवाद. हा अभ्यास मला माहीत नव्हता. मत पूर्ण बदललं असं नाही, पण "प्रयोग" हा शब्द मागे घेते. आमच्या हॉस्पिटलात टबच नव्हता, त्यामुळे माझ्यापुरता प्रश्न तिथंच मिटला होता. शॉवरखाली स्टुलावर बसून तीन तास काढले, त्यानंही बरं वाटलं होतं.

साखरझोप:
आले परत. माझी कथा. तीन सेंटीमीटरही उघडलं नव्हतं आणि मी हट्ट करून टबात शिरले. पहिला अर्धा तास स्वर्ग. मग कळा लांबल्या. दहा मिनिटांत चार येत होत्या त्या दोनवर आल्या. मिडवाइफ वाट बघून म्हणाली, बाई, बाहेर ये आणि जिना चढ-उतर. गार पडलेल्या अंगानं, ओला गाऊन सावरत, मध्यरात्री मी हॉस्पिटलचा जिना चढतेय असं चित्र डोळ्यांसमोर आण. नियमित, जोरदार कळा सुरू झाल्यावरच उतर, म्हणजे पाण्याचा उपयोग ज्या वेळेला हवा त्या वेळेला होतो.

दुखणं कमी करायला पाण्यात गॅस मिळतो, तोंडानं ओढायचा. एपिड्युरल, म्हणजे ते पाठीतलं इंजेक्शन, घेतलं की टब बंद. पेथिडिनसारखं इंजेक्शन घेतलं असेल तर त्यानंतर दोन तास, आणि गुंगी असेपर्यंत, पाण्यात जाऊ देत नाहीत. पाणी ३७.५ अंशांच्या वर जाऊ देत नाहीत, दर तासाला मोजतात. मला ते थंडच वाटत होतं, मी "अजून गरम घाला" म्हणून भांडत होते. आईचं अंग तापलं की बाळाचंही तापतं, हे मला नंतर कळलं.

नवखाबाप:
नवऱ्यांच्या बाजूनं थोडं. "तुला हवं ते कर" हे मीही म्हणालो होतो, आणि बायकोनं दोन दिवस अबोला धरला होता. तिला हवी होती ती परवानगी नव्हती, तिच्याबरोबर बसून वाचणारा माणूस हवा होता. तुमच्या नवऱ्याला हा धागा वाचायला द्या.

आमचं बर्थ सेंटर हॉस्पिटलपासून लांब, स्वतंत्र इमारतीत होतं. आम्ही टब पाहून हरखलो, रस्ता मोजला नाही. रात्री गेलो तेव्हा कळलं की पाण्यातल्या प्रसूतीचं प्रशिक्षण झालेली मिडवाइफ त्या पाळीला नाही. टब समोर रिकामा, आणि आम्ही त्याच्याकडे बघत बसलो. पुढं कळा अडल्या आणि अँब्युलन्सनं लेबर वॉर्डला न्यावं लागलं. शेवट चांगला झाला, पण बायको त्या अँब्युलन्समध्ये हात-गुडघे टेकून ओणवी होती आणि मी पुढच्या सीटवर, मागं वळूनही बघता येईना. ती वीस मिनिटं मला नकोत.

नंतर वाचलं की हे काही विरळा नाही. इंग्लंडमधल्या जन्मस्थळांच्या २०११ च्या मोठ्या अभ्यासात पहिलटकरणींपैकी घरून ४५ टक्के, स्वतंत्र सेंटरवरून ३६ टक्के आणि हॉस्पिटलला लागून असलेल्या सेंटरमधून ४० टक्के जणींना लेबर वॉर्डला हलवावं लागलं होतं. बरेचदा कळा लांबल्या किंवा एपिड्युरल हवं झालं म्हणून. तुमचं सेंटर लागूनच आहे म्हणता, म्हणजे चाकाची खुर्ची आणि एक दार. ते मला टबापेक्षा मोलाचं वाटतं. टब किती आहेत आणि रात्री कोण असतं, हे मात्र विचाराच.

चाळणीचं उत्तर कुणीच देत नाहीये म्हणून देतो. जोर देताना बाळाच्या आधी दुसरंही काही बाहेर येतं. ते पाण्यातून काढायला. आमच्याकडे ते काम माझ्याकडे येणार होतं.

चिंचोका:
अरे देवा. चाळणी!! 🙈

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आईला पाणचक्कीताईंचा प्रतिसाद फोनवर वाचून दाखवला. "म्हणजे लगेच वर काढतात ना? मग ठीक आहे," म्हणाली. पुढं दोन मिनिटांनी, "पण ओल्या अंगानं बसू नकोस हो, तुला सर्दी होते लगेच."

नवरा धागा वाचतोय. अजून चाळणीपर्यंत पोचलेला नाही.

एक शंका. घरी फुगवायचा टब भाड्यानं मिळतो म्हणे. तो आणून घरीच केलं तर? आई नसेल तर निदान आपलं घर तरी.

पाणचक्की:
पहिल्या खेपेला लागून असलेलं सेंटर मिळत असताना मी स्वतः घर निवडणार नाही. हे माझं मत आहे, नियम नव्हे. इथं पहिलटकरणींनाही घराचा पर्याय देतात आणि बऱ्याच जणी आनंदानं घेतात. पण वरच्याच जन्मस्थळांच्या अभ्यासात पहिल्या बाळंतपणाला घरी बाळाला गंभीर त्रास व्हायचं प्रमाण वॉर्डापेक्षा थोडं जास्त होतं. सेंटरमध्ये तो फरक दिसला नाही. दुसऱ्या खेपेला तर घरीही दिसला नाही.

घेतलाच टब तर कळा सुरू झाल्यावर भरायचा. आठ-पंधरा दिवस आधी भरून, हीटर लावून कोमट ठेवायचा नाही. कोमट, साचलेल्या, पंपानं फिरणाऱ्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात. २०१४ मध्ये एका बाळाला तो आजार झाल्यावर इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेनं अशा टबांविरुद्ध इशारा दिला होता. भरलेला टब कित्येकशे किलोंचा असतो, जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर ठेवण्याआधी विचार कर.

कुणाला टब देत नाहीत तेही सांगून टाकते: दिवस भरायच्या आधी कळा आल्या, जुळी, पायाळू बाळ, चढलेला रक्तदाब, आधीचं सिझेरियन अशा वेळी सहसा सतत ठोके बघावे लागतात. काही ठिकाणी पाण्यात चालणारं, बिनतारी यंत्र असतं, तिथं थोडी मुभा मिळते. आणि वार पडायच्या वेळी बहुतेक ठिकाणी बाहेर यायला सांगतात. पाण्यात रक्त किती गेलं याचा अंदाज येत नाही. थोडंसं रक्तही टबभर लाल दिसतं आणि खूप गेलेलंही तितकंच लाल दिसतं.

उंबरठा:
शेवटच्या वाक्याला शंभर टक्के अनुमोदन. माझ्या नवऱ्यानं ते पाणी बघितलं आणि खुर्चीवर बसला तो बसलाच. त्याला आधी सांगून ठेव.

आणि तुला स्वतःला इंग्रजीत अडेल असं वाटत असेल तर हॉस्पिटलला आधी कळव, दुभाष्याची सोय एनएचएसनं करायची असते, पैसे लागत नाहीत. आईला यायला मिळालं, तर सोबत किती जण चालतात तेही विचारून ठेव.

चिंचोका:
आज मिडवाइफकडे जाऊन आले, छत्तिसावा आठवडा. वहीत प्रश्न लिहून नेले होते, ती म्हणाली, "तू परीक्षा घ्यायला आलीयस का?" टब दोनच आहेत. आधीपासून राखून ठेवता येत नाही, जी आधी येईल तिचा. रात्री प्रशिक्षित मिडवाइफ असतेच असं तिनं छातीठोक सांगितलं. लेबर वॉर्ड एका दाराच्या अंतरावर, मी चालून पाहिलं, छप्पन्न पावलं. माझ्या आत्ताच्या चालीनं.

बाळंतपणाच्या कागदावर मी असं लिहिलं: कळांसाठी पाणी हवं आहे, जन्माचं त्या वेळी ठरवेन, बाहेर ये म्हटलं तर कारण एका वाक्यात सांगा, मी येईन. मिडवाइफनं ते वाचून खाली स्वतःच्या हातानं "आली आली = कळ" असं लिहिलं. उंबरठाताई, तुमच्यामुळे!

आईचा व्हिसा आला.

तिसरीघंटा:
वा! वाट बघतेय.

चिंचोका:
मंडळी, मुलगी झाली. आज सतरा दिवसांची आहे. एका हातानं लिहितेय.

चाळिसावा आठवडा पूर्ण झाल्यावर तिसऱ्या दिवशी पहाटे कळा सुरू झाल्या. सेंटरला पोचलो तर दोन्ही टबांत बायका. ऐकून मला रडूच आलं. मग तिसरीघंटा यांचं स्टूल आठवलं. शॉवरखाली बसले, नवरा बाहेर उभा राहून पाण्याची दांडी माझ्या कंबरेवर धरून होता. आई दाराशी टॉवेल घेऊन. दोन तास असे गेले. टब रिकामा झाला, त्यांनी तो घासून, परत भरून देईपर्यंत आणखी पाऊण तास. तोवर सहा सेंटीमीटर उघडलं होतं, म्हणजे साखरझोप, माझ्या नशिबानं माझ्याकडून घाई झालीच नाही.

उंबरठाताईंनी लिहिलंय तसंच, भार कुणीतरी घेतल्यासारखं. मी त्या पट्ट्याला दोन्ही हातांनी लोंबकळत होते, गॅसची नळी दातांत. झोप लागायची, कळ यायची, मिडवाइफ विचारायची, "आली आली?" आई प्रत्येक वेळी हसायची. तीन तास पाण्यात होते.

आणि मग जोर द्यायची वेळ आली तेव्हा मलाच पाणी नकोसं झालं. ठोके उत्तम होते, कुणीही बाहेर ये म्हटलं नव्हतं. पण पाय टेकायला काही सापडेना, सगळं निसटतंय असं वाटायला लागलं. मी म्हटलं, मला बाहेर यायचंय. कुणीही कारण विचारलं नाही. खाली जाड गादी अंथरली, मी गुडघ्यांवर, हात आईच्या मांडीवर. पन्नास मिनिटं लागली. नाळ पांढरी पडेपर्यंत थांबून मग कापली. वारेसाठी इंजेक्शन घेतलं. टाके पडले, मोठी फाट नाही.

आईनं माझं अंग तीन टॉवेलांनी कोरडं केलं. बाळाला बघायच्या आधी.

पाणचक्की:
खूप खूप अभिनंदन! टाके दुखत असतील तर मिडवाइफला दाखव, अंगावर काढू नकोस.

रिकामा_डबा:
अभिनंदन. चाळणीचं काय झालं, एवढंच विचारायला आलो होतो.

चिंचोका:
लागली. टबात असतानाच. नवऱ्यानं एक अक्षर न बोलता काम केलं, आणि मी इथं लिहिलंय हे त्याला अजून माहीत नाहीये.

नवखाबाप:
त्याला आता कळलंय. तो माझ्या शेजारी बसतो ऑफिसात, आजच बोलता बोलता निघालं. 🙂